वाडींतील खोपीची वीज

कोरपना तालुक्यांत शेतांत किंवा घरामागील वाडींत अवजारें ठेवण्यास बहुधा एक खोपी असते. तींत दिवा लावावयाचा म्हणजे घरांतून एक तार ओढिली कीं काम झालें, असा पुष्कळांचा समज आहे. तो धोक्याचा कां, हें आम्ही येथें थोडक्यांत सांगूं इच्छितों.

घर कोरडें असतें. खोपी तशी नसते. पावसाळ्यांत जमीन ओली, पत्रे गळके व पाय अनवाणी. ओली कातडी विजेस फारसा रोध करीत नाहीं. म्हणून घरगुती २३० व्होल्टचा झटका येथें सहज प्राण घेऊं शकतो.

पहिला विचार रक्षणाचा. एमसीबी तारेचें रक्षण करते, माणसाचें नव्हे. ६ अँपिअरची एमसीबी त्याहून बराच अधिक भार झाल्यावरच पडते. परंतु ६ अँपिअरचा केवळ २०० वा हिस्सा, म्हणजे ३० मिलिअँपिअर, इतका प्रवाहहि देहांतून गेल्यास जिवावर बेतूं शकतो. याकरितां ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवावी. जाणारा व परतणारा प्रवाह ती सतत तोलते आणि फरक पडतांच क्षणांत वीज तोडते. तिचें ‘टेस्ट’ बटण अधूनमधून दाबून पाहावें.

दुसरा विचार तारेचा. घरापासून खोपीपर्यंत जमिनीखालून कवचाची केबल न्यावी. आंत दिव्यांस १.५ व सॉकेटास २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार सामान्यतः योग्य असते. हिरवी तार अर्थिंगची. ती कधींहि गाळूं नये.

तिसरा विचार दिवे व बटणें यांचा. वेष्टनावरील ‘आयपी’ या खुणेपुढें दोन अंक असतात. पहिला धुळीचा, दुसरा पाण्याचा. ‘आयपी ६५’ असलेल्या वस्तूंत धूळ शिरत नाहीं व पाण्याच्या फवाऱ्यानेंहि अपाय होत नाहीं.

शेवटीं एक कळकळीची सूचना. खोपींतील वीज कुंपणाच्या तारेंत मुळींच सोडूं नये. रानडुकरांसाठीं केलेल्या अशा कुंपणांनीं चंद्रपूर-गडचिरोलीच्या वनप्रदेशांत माणसेंहि मेलीं व वाघहि मेले. शिवाय तो कायद्यानें गुन्हा आहे. सततच्या प्रवाहानें स्नायू आकसतात व हात सुटत नाहीं. योग्य सौर कुंपणाचें यंत्र मात्र थांबून थांबून अत्यल्प काळाचे झटके देतें, म्हणून प्राण्यास मागें सरण्यास अवसर मिळतो.

हें काम परवानाधारक तारतंत्र्याकडूनच करून घ्यावें. विद्यार्थ्यांनीं मात्र आपल्या खोपींत आरसीसीबी व हिरवी तार आहे कीं नाहीं, इतकें आजच वडिलांस विचारावें.