प्रयोगशाळेतली आणि फुप्फुसातली बुरशी

कनिंगहॅमेला. कवी माणूस, मला नावांचे वेड. हे तर एखाद्या गोऱ्या साहेबाच्या लेकीचे वाटले. पण ही मातीत राहणारी बुरशी. आपले यकृत औषधांचे रूप पालटते, तशीच विकरे हिच्याकडेही आहेत. म्हणून संशोधक ती काचपात्रात वाढवतात, नवे औषध तिला देतात आणि शरीरात त्याचे काय होईल याचा अदमास घेतात.

हिचीच एक जात दुबळ्या रुग्णाच्या फुप्फुसात शिरली, तर म्युकरमायकोसिस होतो. हा शब्द जळगाव-धुळ्यात २०२१ साली घरोघरी पोचला. त्या साथीत बहुतेक ठिकाणी हिची भाऊबंद ऱ्हायझोपस होती. २८ जूनपर्यंत देशात ४०,८४५ रुग्ण आणि ३,१२९ मृत्यू नोंदले गेले. करोना, वाढलेली साखर आणि स्टिरॉइड, या तिघांनी तिला वाट करून दिली. माणसाकडून माणसाला ती लागत नाही, तरी शेजारी दार लावून घेत.

‘काळी बुरशी’ हे नाव मला पटत नाही. काळी बुरशी नसते. तिने रक्तवाहिन्या बुजवल्या की मेलेले मांस काळे पडते. तेवढे दिसेपर्यंत थांबावे तर वेळ निघून जाते. नाक चोंदणे, गाल दुखणे, दात हलणे, एकाचे दोन दिसणे, एवढ्यावरच साखरेच्या रुग्णाने दवाखाना गाठावा. तिथे सडका भाग काढतात आणि ॲम्फोटेरिसिन देतात. हे औषधही मातीतलेच, व्हेनेझुएलातल्या ओरिनोको नदीकडच्या मातीत सापडलेल्या जिवाणूपासून मिळालेले. २०२१च्या मे महिन्यात त्याच्या कुपीसाठी नातलग चिठ्ठी घेऊन दुकानोदुकानी फिरत होते.