विमानातील रक्षक साधने व त्यांचा कारागीर

बीदरच्या आकाशात वायुदलाची प्रशिक्षण विमाने घिरट्या घालताना भालकी-औरादकडील लहानथोरांनी पाहिली आहेत. कलबुर्गीस २०१९ साली व बीदरला २०२० साली प्रवासी विमानही उतरले. विमान म्हटले की डोळ्यांपुढे वैमानिक उभा राहतो. परंतु प्रवाशास ज्याचे नावही ठाऊक नसते, अशा एका कारागिराची ओळख येथे करून द्यावयाची आहे. विमानातील हवेने फुगणारी रक्षक साधने तपासणे व दुरुस्त करणे हे त्याचे काम.

ही साधने मुख्यतः तीन : अंगात घालावयाचे तरणजाकीट, समुद्रावर तरंगणारा तराफा आणि मोठ्या विमानाच्या दाराशी घडी करून ठेवलेली घसरगुंडी. संकटकाळी दार उघडताच सिलिंडरमधील वायू सुटतो, बाहेरची हवाही आत ओढतो आणि काही सेकंदांत घसरगुंडी फुगते. निम्मी दारे बंद असतानाही भरलेले विमान ९० सेकंदांत रिकामे करता आले पाहिजे, असा मोठ्या प्रवासी विमानांसाठी दंडक आहे.

सायकलचे पंक्चर काढणारा ट्यूब फुगवून पाण्यात धरतो. येथेही तत्त्व तेच. कसोटी मात्र कडक. ठराविक मुदतीने साधन उतरवून कार्यशाळेत फुगवितात, काही तास तसेच ठेवतात आणि दाब किती उतरला ते मोजतात. शंका येईल तेथे साबणाचे पाणी लावतात. बुडबुडा आला की छिद्र सापडले. मग जागा घासूनपुसून ठरलेल्या चिकटद्रव्याने ठिगळ बसवावयाचे व पुन्हा परीक्षा घ्यावयाची. सिलिंडर तोलून वायू गळाला की काय ते पाहतात. शेवटची घडीही आकृतीबरहुकूमच हवी. ती चुकल्यास साधन आयत्या वेळी अडते. त्यानंतरच तारीख व सही.

एवढा काटेकोरपणा कशासाठी? २००९ साली न्यूयॉर्कच्या हडसन नदीत एक विमान उतरवावे लागले. पुढच्या एका दाराची घसरगुंडी आपोआप फुगली नाही. हाताची मूठ ओढताच फुगली. घसरगुंड्यांचेच तराफे झाले आणि विमानातील सर्व १५५ माणसे वाचली. म्हणजे ती मूठही कोणीतरी तपासलेली असावी लागते.

प्रवाशाचेही एक कर्तव्य आहे. तरणजाकीट विमानाच्या आत कधीही फुगवू नये. दाराबाहेर पडतानाच दोरी ओढावी. आत पाणी शिरल्यास फुगलेले जाकीट माणसास छताशी अडकविते, आणि मग कारागिराची सारी मेहनत वाया जाते.