मणिबंधातील मज्जातंतूचा दाह आणि श्रम

मनगटास संस्कृतात मणिबंध म्हणतात; मणी बांधण्याचे ते स्थान. ‘कार्पल टनेल’ या नावातला बोगदा तेथेच आहे. आठ अस्थींची कमान आणि तिच्यावरील आडवा बंध यांमधल्या या अरुंद वाटेने बोटे मिटविणाऱ्या नऊ कंडरा व एक मज्जातंतू जातो. कंडरांची आवरणे जाडावली, की दाब त्या मज्जातंतूवर पडतो. अंगठा, तर्जनी, मध्यमा आणि अनामिकेची अंगठ्याकडील बाजू बधिर होते, करंगळी सुटते. रात्री मुंग्या येऊन झोप मोडते.

हा दोष कोणत्या श्रमाचा? टंकलेखनावर व संगणकावर ठपका ठेवण्याची रूढी पडली आहे. पुरावा मात्र तेथेच दुबळा आहे. अमेरिकेतील राष्ट्रीय व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेने १९९७ साली केलेल्या समीक्षेत, जोराची पकड आणि तीच हालचाल पुनःपुन्हा करणे ही एकत्र आली असता पुरावा सबळ ठरला. कंप पावणाऱ्या हत्यारांविषयीही तो मिळाला. मांस कापणारा कामगार म्हणूनच लेखनिकाहून अधिक धोक्यात असतो. मधुमेह, गर्भारपण, अवटु ग्रंथीची मंदता यांनीही हा विकार जडतो, हे खरे. परंतु मधुमेह आढळला एवढ्यावरून कामगाराची भरपाईची मागणी फेटाळणे शास्त्राला धरून नाही. त्याच्या हाती कोणते हत्यार होते आणि दिवसाकाठी किती वेळ होते, हे आधी विचारावयास हवे.