डॉक्टरांचे निरंतर शिक्षण आणि रुग्णसेवा

वैद्यकीय पदवी ही डॉक्टराच्या शिक्षणाची समाप्ती नव्हे, याविषयी आता दुमत उरलेले नाही. औषधे बदलतात, निदानाची साधने बदलतात, आणि तीस-पस्तीस वर्षांच्या व्यवसायात पदवीच्या वेळचे ज्ञान अपुरे पडू लागते. अनुभवाने ही उणीव आपोआप भरून निघते, अशी सार्वत्रिक समजूत आहे. परंतु ती पुराव्यास उतरत नाही. २००५ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका समीक्षणात ६२ अभ्यास एकत्र तपासण्यात आले. त्यांपैकी निम्म्याहून अधिक अभ्यासांत व्यवसायाची वर्षे वाढत गेली तसतशी कामगिरी सर्वच मापांनी खालावलेली आढळली. निरंतर शिक्षणाची आवश्यकता येथून सिद्ध होते. भारतात २००२ च्या आचारसंहितेने पाच वर्षांत ३० तासांचे असे शिक्षण डॉक्टरांना सांगितले, आणि महाराष्ट्र वैद्यक परिषदेनेही नोंदणीचे नूतनीकरण श्रेयांकांशी जोडले.

परंतु आवश्यकता सिद्ध झाली म्हणून उपयुक्तता सिद्ध झाली असे होत नाही. ‘या शिक्षणाने सुधारणा होते काय?’ या प्रश्नातील ‘सुधारणा’ हा शब्दच संदिग्ध आहे. त्याचे किमान तीन अर्थ संभवतात : डॉक्टराचे ज्ञान वाढणे, त्याच्या प्रत्यक्ष कृतीत बदल होणे, आणि त्या बदलामुळे रुग्णाची प्रकृती सुधारणे. यांपैकी पहिल्या अर्थाने होकार मिळाला, तरी उरलेल्या दोहोंचे उत्तर त्यात अंतर्भूत नसते. रक्तदाबाचे उपचार केव्हा वाढवावेत हे परीक्षेत अचूक लिहिणारा डॉक्टर गर्दीच्या वेळी जुनीच चिठ्ठी पुन्हा लिहून देऊ शकतो.

हा भेद स्पष्ट करणारा एक महत्त्वाचा प्रयोग कॅनडातील आँटॅरिओ प्रांतात झाला व १९८२ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. १६ कुटुंबवैद्यांची यादृच्छिक पद्धतीने दोन गटांत विभागणी करण्यात आली. कोणत्या विकारांविषयी शिकण्याची इच्छा अधिक आहे, याचा क्रम प्रथम त्यांच्याकडूनच लावून घेण्यात आला. नंतर एका गटास शिक्षणसाहित्य देण्यात आले, आणि दोन्ही गटांच्या रुग्णनोंदी तपासण्यात आल्या. शिकणाऱ्या गटाचे ज्ञान निःसंशय वाढले होते. सेवेच्या एकंदर दर्जात मात्र फारसा फरक पडला नाही. आवडीच्या विषयांत न शिकलेल्या गटानेही तितकीच प्रगती केली. जे विषय डॉक्टरांना नकोसे होते, नेमक्या त्यांतच शिक्षणाचा प्रभाव ठळकपणे दिसून आला. यावरून असे अनुमान निघते की, मनुष्य ज्यात रस घेतो त्यात तो बहुधा स्वतःहून प्रगती करीत असतो. शिक्षणाची खरी गरज असते ती त्याने टाळलेल्या क्षेत्रात. विषयाची निवड सर्वस्वी शिकणाऱ्याच्या रुचीवर सोपविण्यात हा धोका आहे.

पद्धतीचा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे. १९८३ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात चार राज्यांतील ४३५ डॉक्टरांचा समावेश होता. ज्यांना केवळ छापील साहित्य पाठविले, त्यांच्या औषधयोजनेत बदल झाला नाही. ज्यांच्याकडे प्रशिक्षित औषधतज्ज्ञ समक्ष जाऊन बोलले, त्यांनी मात्र अनावश्यक ठरलेल्या औषधांचे प्रमाण तुलनागटापेक्षा १४ टक्क्यांनी कमी केले. १९९९ च्या एका समीक्षणातही हाच कल आढळला : निव्वळ व्याख्यानांनी डॉक्टरांचे वर्तन बदलत नाही, चर्चा, सराव व प्रत्यक्ष रुग्णांची उदाहरणे यांची जोड मिळाली, तर ते बदलू शकते.

एकूण परिणामाचे मान किती? २०२१ साली अद्ययावत झालेल्या कॉक्रेन समीक्षणात शैक्षणिक सभांविषयीचे २१५ अभ्यास विचारात घेतले आहेत. त्यांनुसार योग्य उपचारपद्धतीचे पालन शंभर प्रसंगांमागे सुमारे सातने वाढते. रुग्णांच्या प्रकृतीवरील परिणाम मात्र शंभरामागे सुमारे तीन इतकाच आहे. ज्ञानापासून कृतीपर्यंत आणि कृतीपासून आरोग्यापर्यंत जाताना लाभ असा ओसरत जातो. औषधाची किंमत, रुग्णाची परिस्थिती, तपासणीस मिळणारा वेळ या गोष्टी वर्गात शिकवून बदलत नाहीत. तथापि हे आकडे क्षुल्लक मानणेही योग्य नव्हे. लक्षावधी रुग्णांच्या संदर्भात शंभरातील तीन ही मोठी संख्या होते.

सारांश, निरंतर शिक्षणाने रुग्णसेवा सुधारते, पण माफक प्रमाणात, आणि तीही काही अटींवर. शिक्षण डॉक्टराच्या उणिवेशी निगडित असावे, त्यात त्याचा सक्रिय सहभाग असावा, आणि त्याच्या स्वतःच्या कामाची पडताळणी त्याच्यासमोर ठेवली जावी. तासांची मोजणी यांपैकी एकाही अटीची हमी देत नाही. तास मोजणे सोपे आहे म्हणून ते मोजले जातात. परंतु या शिक्षणाची खरी परीक्षा सभागृहाच्या उपस्थितिपटावर व्हावयाची नसून दवाखान्यातील रुग्णनोंदींवर व्हावयाची आहे.