रिद्धपूरची सामायिक पोथी

अमरावती जिल्ह्यातल्या मोर्शी तालुक्यात रिद्धपूर आहे. महानुभाव पंथाचे लोक या गावाला काशीचा मान देतात. पंथाचे संस्थापक चक्रधरस्वामी यांचे गुरू गोविंदप्रभू यांचा राजमठ इथे आहे, आणि ज्या वाजेश्वरीच्या स्थानी चक्रधरांच्या आठवणींचं ‘लीळाचरित्र’ लिहिलं गेलं असं परंपरा सांगते, ते स्थानही इथेच आहे. मराठीतला आद्य गद्य चरित्रग्रंथ म्हणून ‘लीळाचरित्रा’चं नाव शाळेत प्रत्येकाने पाठ केलेलं असतं. तो कसा तयार झाला, कुणाकुणाच्या हातून गेला, कसा हरवला, पुन्हा कसा उभा राहिला आणि शेकडो वर्षं कुलूपबंद राहून अखेर सगळ्यांसाठी कसा खुला झाला, ही हकीकत मात्र पाठ्यपुस्तकात येत नाही. एका गटाने मिळून दस्तऐवज लिहिणं, तपासणं, ठरावीक लोकांत वाटणं आणि मग प्रसिद्ध करणं या सगळ्या पायऱ्या या एका ग्रंथाने पाहिल्या आहेत. त्यातल्या पहिल्या काही तर साडेसातशे वर्षांपूर्वीच्या आहेत.

चक्रधरस्वामी १२७४च्या सुमारास उत्तरेकडे निघून गेले. त्यांनी स्वतः काहीच लिहून ठेवलं नव्हतं. त्यांचे शिष्य रिद्धपूरला गोविंदप्रभूंच्या सेवेत राहिले. शिष्यांचे पुढारी नागदेवाचार्य, म्हणजे भटोबास, एकांतात बसून स्वामींच्या लीळा आठवत. सराळ्याचे विद्वान म्हाइंभट यांच्या हे लक्षात आलं. आज या लीळा तुम्हाला आठवतात, पुढच्यांनी काय करायचं, अशी त्यांची चिंता होती. भटोबासांनी लिहायला संमती दिली आणि १२७८च्या सुमारास काम सुरू झालं.

म्हाइंभटांच्या कामाच्या पद्धतीला माझ्या मते भारतीय वाङ्मयात क्वचितच जोड सापडेल. जी लीळा ज्याच्यासमोर घडली त्याच्याकडे जायचं, त्याच्या तोंडून ती ऐकायची, लिहून घ्यायची आणि मग भटोबासांना दाखवायची. त्यांनी होकार दिला तरच ती ग्रंथात जाई. माहिती देणाऱ्यांत भिक्षू होते, गृहस्थ होते आणि बायकाही होत्या. त्यांतल्या महदाइसा म्हणजे गोविंदप्रभूंच्या विवाहाच्या प्रसंगी रिद्धपूरलाच ‘धवळे’ रचणारी मराठीची आद्य कवयित्री. स्वामींना नाना प्रश्न विचारणाऱ्या या बाईच्या आठवणींनी ग्रंथातली कितीतरी पानं भरली आहेत. चक्रधर कुठे बसले, काय जेवले, कुणाला रागावले, कुणाच्या प्रश्नावर हसले, हे सगळं ज्याने पाहिलं त्याच्याच शब्दांत आलं. म्हणूनच त्या गद्यात बोलण्याची चाल टिकली. एकाच माणसाने घरी बसून ते लिहिलं असतं, तर ही चाल उतरणं अवघडच होतं.

इतकी काटेकोर तपासणी कशासाठी, याचं उत्तर पंथाच्या आचारात आहे. परमेश्वराचं नाम, मूर्ती, चेष्टा आणि लीळा यांचं स्मरण करणं हा महानुभावांचा नित्याचा धर्म आहे. स्मरण चुकीचं झालं तर साधनाच चुकली. लिहिणाऱ्याच्या हातून शब्द इकडचा तिकडे होणं हा त्यांच्या लेखी हस्तदोष नव्हता, तो धर्मदोष होता.

एकदा हा मूळ साठा तयार झाला, तेव्हा त्यातून दुसरे ग्रंथ निघू लागले. केसोबासांनी चक्रधरांची वचनं लीळांमधून वेगळी काढून त्यांचा ‘सूत्रपाठ’ लावला. स्वामींनी सांगितलेल्या ११४ दृष्टांतांचा ‘दृष्टांतपाठ’ही त्यांनीच सिद्ध केला. त्यात सूत्र आणि दृष्टांत चक्रधरांचे, आणि त्यांचा अर्थ जुळवून दाखवणारा दार्ष्टांतिक केसोबासांचा. कोणता शब्द गुरूचा आणि कोणता संपादकाचा, हे वाचणाऱ्याला दिसेल अशी ती मांडणी आहे. केसोबास संस्कृतात उत्तम लिहीत. तरी भटोबासांनी त्यांना त्या वाटेने जाऊ दिलं नाही. संस्कृतात लिहिलं तर आपल्यातल्या साध्या बाया नागवल्या जातील, हे त्यांचं म्हणणं ‘स्मृतिस्थळ’ या ग्रंथात नोंदलेलं आहे. ज्यांनी आठवणी दिल्या, त्यांनाच तयार झालेला ग्रंथ वाचता आला पाहिजे, हा त्यातला आग्रह मला फार मोलाचा वाटतो.

लीळांमध्ये स्थळांचे तपशील विपुल होते. त्यांच्याच आधाराने चौदाव्या शतकात ‘स्थानपोथी’ तयार झाली. चक्रधर कोणत्या गावी गेले, देऊळ गावाच्या कोणत्या दिशेला होतं, त्याचं दार कुणीकडे होतं, अशी ती नोंद आहे. अकोला जिल्ह्यात पातूर तालुक्यातलं आलेगाव हे अशाच चरणांकित स्थानांपैकी एक. आजही भाविक अशा ठिकाणी ओट्याला विडा वाहून नमस्कार करतात, आणि ओटा नेमका कुठे असावा याच्या चर्चेत पोथीचाच आधार घेतात.

ग्रंथ कुणाच्या मालकीचा, हा प्रश्नही त्याच काळात उभा राहिला. देवगिरीच्या दरबारातल्या नरेंद्र कवीने ‘रुक्मिणीस्वयंवर’ रचलं. कथा रुक्मिणीची, म्हणजे अमरावती जिल्ह्यातल्या कौंडण्यपूरची. ‘स्मृतिस्थळा’तली हकीकत अशी : काव्य आपल्या नावावर करावं म्हणून देवगिरीचा राजा रामदेवराय याने ओवीमागे सोन्याचा टाका देऊ केला. नरेंद्राने नकार दिला. पोथी राजाकडेच राहिली. नरेंद्र आणि त्याचे भाऊ जेवढ्या ओव्या स्मरणात ठेवू शकले तेवढ्याच घेऊन पंथाकडे आले. अठराशेपैकी नऊशे ओव्या वाचल्या.

‘लीळाचरित्रा’वर याहून मोठं संकट आलं. चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला खिलजी फौजांच्या धामधुमीत मूळ पोथी गेली. ज्या गटाने ती लिहिली होती, त्यातली कित्येक माणसं तोवर हयात नव्हती. मात्र पुढच्या पिढीने ती पोथी पाठ केली होती. हिराइसा या साध्वीची स्मरणशक्ती विलक्षण होती, असं परंपरा सांगते. तिच्या पाठावरून ग्रंथ पुन्हा लिहिला गेला. परशरामबास आणि रामेश्वरबास यांचे पाठही पुढे आले. या पाठांमध्ये फरक होते, आणि पंथाने ते दडवले नाहीत. एखाद्या लीळेचा तपशील कुणाला वेगळा आठवत असेल, तर ती दुसरी वासना म्हणून त्याच पोथीत नोंदली जाई. अमुक बास असं म्हणतात, तमुक पाठात असं आहे, हे वाचणाऱ्यासमोर राहिलं. गूगल डॉक्ससारख्या सोयीत आज कुणी काय बदललं याचा इतिहास आपोआप साठतो. रिद्धपूरच्या परंपरेने तो हाताने जपला, आणि मतभेद असलेल्या माणसाचं नावही त्यासोबत ठेवलं. एकमताचा एकच शुद्ध पाठ करून बाकीचे फेकून देणं त्यांना सोपं गेलं असतं. तसं न करण्यातली प्रामाणिकता ही या पोथ्यांची खरी श्रीमंती आहे, असं मी मानतो.

यानंतर दारं बंद झाली. पंथ पुढे तेरा आम्नायांत, म्हणजे उपशाखांत, विभागला. चौदाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास सकळ लिपी आली. तिचं श्रेय ‘सह्याद्रिवर्णन’कार रवळोबासांना दिलं जातं. एका अक्षराच्या जागी दुसरं अक्षर किंवा नवं चिन्ह योजायचं, अशी तिची घडण. सुंदरी लिपी, अंकलिपी अशा आणखीही लिप्या झाल्या. ज्याने उपदेश घेतला, ज्याला गुरूने किल्ली दिली, त्यानेच वाचायचं. पंथ उत्तरेकडे पंजाबपर्यंत पसरला, तिथे त्याला ‘जयकृष्णी’ म्हणत, आणि तिथल्या मठांतही या मराठी पोथ्या वाचल्या जात. मठामठांत पोथी जशीच्या तशी नकलून ठेवली जाई. बाहेरच्या वाचकाला मात्र पान समोर असूनही ते उलगडत नसे.

या बंदोबस्ताचं फळ दुहेरी मिळालं, आणि दोन्ही बाजू सांगायला हव्यात. लोकप्रिय ग्रंथांची भाषा प्रत्येक पिढीतले लेखनिक आपल्या काळाला जुळवून घेतात. महानुभाव पोथ्यांवर बाहेरचे हात फारसे फिरले नाहीत, त्यामुळे यादवकाळातल्या मराठीची रूपं तिथे मोठ्या प्रमाणात वाचली. पण सुमारे साडेपाचशे वर्षं बहुसंख्य मराठी समाजाला आपल्याच भाषेतलं हे गद्य ठाऊक नव्हतं. जे वाचता येत नाही त्याविषयी गैरसमज पसरतात, तसे ते पंथाविषयीही भरपूर पसरले, आणि त्याचा त्रास पंथातल्या माणसांनी सोसला.

१९१०च्या सुमारास इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी सकळ लिपीची फोड केली. काही महंतांनीही आपणहून पोथ्या अभ्यासकांपुढे ठेवल्या, आणि तो निर्णय त्यांच्यासाठी सोपा नव्हता. वि. ल. भावे यांच्या ‘महाराष्ट्र सारस्वत’मुळे हे वाङ्मय मराठी वाचकाच्या नजरेत भरलं. पुढचं बरंच काम वऱ्हाडच्या आणि नागपूरच्या माणसांनी केलं. यवतमाळच्या य. खु. देशपांडे यांचं ‘महानुभावीय मराठी वाङ्मय’ १९२५मध्ये आलं. ह. ना. नेने यांनी १९३६पासून ‘लीळाचरित्र’ भागाभागाने छापलं. बुलढाणा जिल्ह्यातल्या नरवेलचे वि. भि. कोलते काही काळ अमरावतीच्या महाविद्यालयात शिकवत होते. त्यांनी आयुष्यभर पोथ्या जमवल्या, ताडून पाहिल्या, आणि १९७८मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळातर्फे ‘लीळाचरित्र’ संपादून प्रसिद्ध केलं. मराठीचा अभ्यासक आज जे ‘लीळाचरित्र’ हाती घेतो ते बहुधा हेच. इंग्रज अभ्यासक रेसाइड यांनी १९६०मध्ये महानुभाव ग्रंथांची सूची केली. अ‍ॅन फेल्डहाउस यांनी गोविंदप्रभूंच्या चरित्राचा इंग्रजी अनुवाद १९८४मध्ये आणला, आणि ‘लीळाचरित्रा’च्या त्यांच्या अनुवादाचा पहिला खंड २०२४मध्ये निघाला.

राज्य सरकारने २०२३मध्ये रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ जाहीर केलं. महानुभाव वाङ्मयाचे अभ्यासक अविनाश आवलगावकर २०२४मध्ये त्याचे पहिले कुलगुरू झाले. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. या विद्यापीठाने सर्वांत आधी मठांमधल्या पोथ्यांचं, महंतांच्या संमतीने, छायाचित्रण हाती घ्यावं, असं मला मनापासून वाटतं. किल्ली ठाऊक असलेली आणि जुनं वळण सराईतपणे वाचणारी वडीलधारी माणसं आज मठांत आहेत. त्यांच्या शेजारी बसून शिकणारे तरुण हवेत. हिराइसेचा पाठ, परशरामबासांचा पाठ आणि रामेश्वरबासांचा पाठ एकाच पडद्यावर शेजारी शेजारी उघडता आले, तर कोणता शब्द कुणी जपला आणि कुठे दोघांची आठवण वेगळी झाली, हे मोर्शीच्या किंवा पातूरच्या महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यालाही स्वतः तपासता येईल.