गोचीड ताप उतरला, पण मूत्रपिंडांचे काय?

कुत्रा दोन दिवस जेवत नाही, अंग तापलेले आहे, नाकातून रक्त आले किंवा पोटाच्या त्वचेवर लालसर ठिपके उमटले, की शहरातील श्वानपालकांच्या तोंडी आता 'गोचीड ताप' हा शब्द लगेच येतो. रक्त तपासले जाते, प्लेटलेट्स घटलेल्या आढळतात, औषध सुरू होते. आठवडाभरात प्लेटलेट्स वाढू लागतात, कुत्रा शेपूट हलवत वाटीपाशी येतो आणि घर सुटकेचा निःश्वास टाकते. या साऱ्या धावपळीत लघवीची तपासणी मात्र बहुधा राहूनच जाते.

वास्तविक गोचीड ताप हा एकच रोग नव्हे. तपकिरी गोचीड अनेक रोगजंतू वाहून आणतो. त्यांपैकी एर्लिकिया कॅनिस हा जिवाणू १९३५ मध्ये अल्जीरियात प्रथम वर्णिला गेला. व्हिएतनाम युद्धात अमेरिकी सैन्यातील शेकडो कुत्री, विशेषतः जर्मन शेफर्ड, त्याला बळी पडली, तेव्हा जगाने त्याची खरी दखल घेतली. दुसरा महत्त्वाचा जंतू म्हणजे बबेसिया. त्यातील बबेसिया गिब्सोनी ही जात तर आपल्याच देशात, मद्रासमधील शिकारी कुत्र्यांच्या रक्तात १९१० मध्ये ओळखली गेली. एकाच कुत्र्याला दोन्हींची लागण झाल्याचेही आढळते.

मूत्रपिंडांना इजा करण्याचा या दोघांचा मार्ग निराळा आहे. एर्लिकिया पांढऱ्या रक्तपेशींत घर करतो. शरीर त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. पण जंतू मरत नाही, महिनोन् महिने दडून राहतो. मग जंतूचे अंश व प्रतिपिंडे यांची संयुगे रक्तातून फिरत मूत्रपिंडातील सूक्ष्म गाळण्यांत अडकतात व तेथे दाह निर्माण करतात. जी प्रथिने रक्तातच राहायला हवीत, ती लघवीवाटे गळू लागतात. आजाराच्या सुरुवातीस योग्य औषध मिळाले तर ही गळती बहुधा थांबते. आजार जुनाट झाला, तर गाळण्या कायमच्या निकामी होऊ लागतात. बबेसिया तांबड्या पेशी फोडतो. त्यांतील हिमोग्लोबिन लघवीत उतरले की तिचा रंग कोऱ्या चहासारखा होतो. रक्तक्षयामुळे मूत्रपिंडांना प्राणवायू कमी पडतो, त्यात रक्तदाब घसरला तर ती काही दिवसांतच बंद पडू शकतात. असा रंग दिसल्यास सकाळची वाट पाहू नये.

'क्रिएटिनिन नॉर्मल आहे' या वाक्यावर पालक निर्धास्त होतात. पण मूत्रपिंडांची सुमारे तीन चतुर्थांश कार्यक्षमता गेल्यावरच क्रिएटिनिन ठळकपणे वाढते. एसडीएमए ही रक्ततपासणी त्याआधी सूचना देते. त्याहून सोपी तपासणी लघवीतील प्रथिने व क्रिएटिनिन यांच्या गुणोत्तराची. ते वारंवार ०.५ च्या वर येत असेल व मूत्रमार्गात जंतुसंसर्ग नसेल, तर गळती मूत्रपिंडातूनच आहे असे मानावे लागते. नमुना घेणे अवघड नाही. सकाळी फिरायला नेताना स्वच्छ, पसरट वाटी खाली धरली की पुरे. शेजारी हसतील, हसू द्यावे! याउलट, उलट्यांनी शरीरातील पाणी कमी झाले तरीही क्रिएटिनिन वाढते. म्हणून शक्यतो सलाइन लावण्यापूर्वीच रक्त व लघवीचे नमुने घ्यावेत, अन्यथा दोन्हींतील फरक कळत नाही.

उपचारात घरचे काही 'हातभार' महागात पडतात. ताप आहे म्हणून माणसांचे आयबुप्रोफेन वा डायक्लोफेनॅक दिले जाते. आधीच अडचणीत असलेल्या मूत्रपिंडांवर हा सरळ आघात होय. एर्लिकियावरील डॉक्सिसायक्लिन साधारण २८ दिवस द्यावे लागते, पण प्लेटलेट्स वाढल्या की दहाव्या दिवशी ते बंद केले जाते. ते लोह वा कॅल्शियमच्या टॉनिकबरोबर दिल्यास नीट शोषले जात नाही, हेही अनेकांना ठाऊक नसते. बबेसिया गिब्सोनीवर डॉक्सिसायक्लिन एकटे पुरत नाही. त्यासाठी अॅटोव्हाक्वोन व अॅझिथ्रोमायसिन एकत्र वापरतात. म्हणून जंतू कोणता, हे रक्ताच्या काचपट्टीवरून किंवा पीसीआरने ठरवून घेणे आवश्यक आहे. आणखी एक गैरसमज आहाराचा. लघवीतून प्रथिने जातात म्हणून अंडी-चिकनचा मारा केला जातो. त्याने गळती थांबत नाही, उलट वाढते. प्रथिने एकदम बंद करणेही चूकच. प्रथिने बेताची व फॉस्फरस कमी असलेला आहार आणि गळती कमी करणारी बेनाझेप्रिल किंवा टेल्मिसार्टनसारखी औषधे डॉक्टरांनी ठरवावीत. डायलिसिसची सोय काही मोठ्या शहरांत आहे, परंतु ती खर्चिक आहे आणि झिजलेली मूत्रपिंडे तिने परत मिळत नाहीत.

राहिला गोचीड. त्याची एक मादी हजारो अंडी घालते व ती कुत्र्याच्या अंगावर नव्हे, तर भिंतीच्या भेगेत, सोफ्यामागे, दाराच्या चौकटीत. अंड्यातून निघालेले पिल्लू वाढीच्या प्रत्येक टप्प्यावर कुत्र्यावर चढते, रक्त पिते व पुन्हा खाली उतरते. त्यामुळे केवळ कुत्र्याला आंघोळ घालून भागत नाही. फ्लुरालॅनर, अफोक्सोलॅनर या चघळण्याच्या गोळ्या प्रभावी आहेत. मात्र ज्याला पूर्वी झटके आले आहेत, त्याला त्या देण्याआधी डॉक्टरांना तसे सांगावे. अंगावरचा गोचीड बोटांनी चिरडू नये, चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ ओढावा. रॉकेल लावू नये.

औषधाचा क्रम संपल्यावर महिनाभराने लघवीतील प्रथिनांची तपासणी पुन्हा करावी आणि ती ठीक आली तरी तीन महिन्यांनी आणखी एकदा. मध्यंतरी कुत्रा नेहमीपेक्षा जास्त पाणी पिऊ लागला, रात्री लघवीसाठी उठवू लागला किंवा वजन उतरू लागले, तर त्या तारखेचीही वाट पाहू नये.