ख्रिस्ती बालसंगोपनातील दया व सहनशीलता : एक विवेचन

ख्रिस्ती कुटुंबात मुलांच्या शिस्तीचा प्रश्न निघाला, की नीतिसूत्रे १३:२४ या वचनाचा आधार हमखास घेतला जातो. जो छडी आवरतो तो आपल्या मुलाचा द्वेष करतो, असा त्याचा आशय आहे. त्यामुळे मुलांना मारणे हे पालकांचे धर्मकर्तव्यच होय, असे अनेकांना प्रामाणिकपणे वाटते. ही समजूत शास्त्राच्या समग्र संदर्भात कितपत टिकते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

या वचनातील 'शेबेत' या हिब्रू शब्दाचे काठी, राजदंड, मेंढपाळाचा सोटा असे अनेक अर्थ होतात. स्तोत्र २३ मध्ये हाच शब्द धीर देणाऱ्या काठीसाठी आला आहे. तथापि नीतिसूत्रे २३:१३-१४ मध्ये प्रत्यक्ष मारण्याचा उल्लेख असल्याने केवळ शब्दार्थाने हा प्रश्न सुटत नाही. त्यासाठी नव्या कराराकडे वळावे लागते.

रोमन कायद्याने कुटुंबप्रमुख पित्याला अपत्यांच्या जीवितावरही अधिकार दिला होता. अशा समाजात इफिसकरांस पत्र (६:४) मुलांना आज्ञापालन सांगून थांबत नाही. मुलांना चिडीस आणू नये, असे ते बापांनाही बजावते. कलस्सैकरांस पत्रात (३:२१) त्याचे कारणही दिले आहे : मुले खचून जाऊ नयेत. येथे मर्यादा पालकाच्या अधिकाराला घातली आहे, ही बाब लक्षणीय होय.

या मर्यादेचे मूर्त रूप लूक १५ मधील उधळ्या पुत्राच्या दाखल्यात आढळते. पिता मुलाला दुरून पाहतो, धावत जातो आणि त्याची कबुली पूर्ण होण्याआधीच त्याचा स्वीकार करतो. घरात येण्यास नकार देणाऱ्या थोरल्या मुलाचीही तो बाहेर येऊन समजूत घालतो. मात्र धाकट्याने उधळलेली मालमत्ता त्याला परत मिळत नाही. उरलेले सर्व थोरल्याचेच आहे, असे पिता स्पष्ट करतो. म्हणजेच दया कृतीचे परिणाम पुसत नाही. ती नाते तुटू देत नाही.

व्यवहारात याचा अर्थ असा, की खोटे बोललेल्या मुलाला पालकाने रागाच्या भरात शिक्षा करू नये; आधी त्याचे म्हणणे ऐकावे, मग झालेले नुकसान त्याच्याकडून भरून घ्यावे आणि तो विषय तेथेच संपवावा. वयोमानानुसार होणारी चूक व जाणूनबुजून केलेली अवज्ञा यांत भेद करणे, ही सहनशीलतेची पहिली पायरी होय. मत्तय १८ मधील निर्दय चाकराचा दाखला याचे मूळ दाखवितो : ज्याला स्वतःला क्षमा मिळाली, त्याने ती इतरांना नाकारू नये. पालकही क्षमा मिळालेलाच मनुष्य असतो.

बालकांच्या शिक्षण हक्क कायद्याने (२००९) कलम १७ अन्वये शाळेत शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांना मनाई केली आहे. शाळेने जी छडी खाली ठेवली, ती घरात शास्त्राच्या नावाने उचलण्यापूर्वी ख्रिस्ती पालकाने वरील वचनेही तितक्याच गांभीर्याने वाचावीत. भीतीने मिळविलेले आज्ञापालन भीती सरताच संपते. दयेने जोडलेले मूल मात्र चुकल्यावरही घराकडे परत येऊ शकते.